कृष्णेच्या कोमट पाण्यात लंचन मीट गळाला कसं टिकवायचं

पलूस तालुक्यातल्या एका तरुण मित्राचा प्रश्न आहे. इंग्लंडातले लोक डब्यातलं लंचन मीट गळाला लावून मोठमोठे मासे धरतात हे बघून त्यानं चिकनचं एक टिन मागवलं. भिलवडीच्या खालच्या अंगाला कृष्णेत गळ टाकला, तर फेकतानाच तुकडा सुटून भलतीकडं पडतो. पाण्यात टिकला तर चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, कुरतडून नेते आणि गळ रिकामा वर येतो. तो विचारतो: आमिष घट्ट कसं करायचं, मसाला लावायचा का, मासे गोळा करायला पाण्यात चारा किती टाकायचा, आणि एवढं महाग प्रकरण आपल्याकडच्या माशांना मुळात चालतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चालतं, पण ठरावीक माशांनाच. सायप्रिनस, शिंगटा, वाम, मांगूर आणि चिलापी हे मांसाचा तुकडा खातात. यातला सायप्रिनस हा तर इंग्लंडमध्ये ज्याच्यासाठी हे आमिष वापरतात त्याच जातीचा मासा आहे, तिकडं त्याला कार्प म्हणतात. तळाचा गाळ उकरत हिंडायचं, मिशांनी चाचपायचं, तोंडात ओढून चव घ्यायची आणि पटलं नाही तर थुंकून टाकायचं, ही त्याची पद्धत. गांडुळं, गोगलगायी, पाण्यातल्या अळ्या हे त्याचं रोजचं खाणं असल्यामुळं मांसाची चव त्याला परकी नाही.

कटल्याचं तसं नाही. तो वरच्या थरातलं बारीक जीवजंतूंचं खाद्य गाळून घेतो. तळाशी पडलेला मांसाचा चौकोन त्याच्या वाटेतच येत नाही. रोहूला शेवाळ, वनस्पती, कणीक, पेंड. मृगळ तळाला चरतो म्हणून कधीमधी लागतो, पण त्याच्यासाठी टिन फोडायचं कारण नाही. मरळ हलतं भक्ष्य बघून झेप घेतो, त्याला निपचित पडलेला तुकडा दाखवून उपयोग नाही. तेव्हा तुम्हाला रोहू-कटला धरायचे असतील तर टिनचे पैसे वाचवा आणि कणीक नीट मळायला शिका. सायप्रिनस आणि शिंगटा हवे असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तिकडच्या नद्यांमध्ये हे आमिष खरं गाजलं ते बार्बेल नावाच्या माशासाठी. त्याचा आपल्याकडचा दूरचा भाऊबंद म्हणजे खडस, म्हणजे दख्खनचा महाशीर. साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कृष्णा-कोयनेच्या वरच्या खोऱ्यात तो लागू शकतो आणि मांसही घेतो. तो लागलाच तर हात ओले करून, पाण्यातच गळ काढून सोडून द्या. आधीच कमी राहिलेला मासा आहे, त्याला पिशवीत घालणं मला पटत नाही.

आता तुकडा सुटतो का, ते बघू. लंचन मीट म्हणजे बारीक दळलेलं मांस, चरबी, मीठ, पाणी आणि स्टार्च डब्यात भरून डब्यातच शिजवलेलं. अमेरिकेत १९३७ साली स्पॅम नावाचं असलं टिन बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते इंग्लंडच्या घराघरांत पोचलं. ते डुकराच्या मांसाचं होतं आणि तिकडचे मासे धरणारे आजही बहुतेक तेच वापरतात. तुम्ही मागवलंय ते चिकनचं. फरक इथंच आहे. कोंबडीची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा कमी उष्णतेला वितळते. त्यात आपल्याकडचं ऊन आणि आपल्या नदीचं पाणी. मार्च उजाडला की काठावर उघडं ठेवलेलं चिकनचं टिन तासाभरात लिबलिबीत होतं, बोटानं दाबलं तर बोट आत जातं. असला तुकडा गळाच्या बारीक तारेवर टिकेलच कसा? तिकडच्या लोकांची हिवाळ्यातली तक्रार बरोबर उलटी असते: पाणी इतकं गार की चरबी गोठून बसते आणि वास पसरत नाही. त्यामुळं त्यांचे व्हिडिओ बघून तुकडे हातानं तोडून लावायला जाऊ नका. तोडलेल्या तुकड्याच्या खडबडीत कडांमधून रस लवकर सुटतो, गार पाण्यात ते फायद्याचं आहे. आपल्या पाण्यात रस आपणहून सुटतो, इथं कमी पडतो तो घट्टपणा. म्हणून आपण सुरीनंच कापायचं.

टिन घेताना मागचं लेबल वाचा. मांसाचं प्रमाण जास्त आणि पाणी कमी असलेलं टिन घट्ट निघतं. सगळ्यात स्वस्त टिन बहुधा सगळ्यात मऊ असतं, ते चाऱ्यात कुस्करायला ठीक, गळाला नाही. फुगलेलं टिन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, घरात असेल तर न फोडता टाकून द्या.

फोडायच्या आधी टिन रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठवलं की आतल्या पाण्याचे बर्फाचे कण मांसाची वीण मोडतात आणि वितळल्यावर ते स्पंजासारखं भुसभुशीत होतं. सकाळी टिन उघडून मांसाचा अख्खा ठोकळा बाहेर काढा. भोवती जो जेलीसारखा थर असतो तो टाकू नका, एका डबीत काढून ठेवा, चाऱ्याला लागेल. सुरी गार पाण्यात बुडवत बुडवत १५ ते २० मिलिमीटरचे चौकोनी तुकडे पाडा. गोल कांड्या हव्या असतील तर घराच्या वायरिंगची २० मिलिमीटरची पाइप असते तिचा वीतभर तुकडा घ्या, एका टोकाची कडा आतून पात्यानं तासून धारदार करा आणि ठोकळ्यात सरळ दाबा. कांडी आत अडकते, मागून लाकडी काडीनं ढकलली की अखंड बाहेर येते. कांडीला कोपरे नसल्यामुळं चिलापीला कुरतडायला जागा कमी मिळते, हा तिचा मोठा फायदा.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते तव्यावरचं. लोखंडी तवा मंद आचेवर तापवा, तेल अजिबात घालू नका. तुकडे एकमेकांना चिकटणार नाहीत असे मांडा. मिनिटभरात त्यांच्या बुडाशी चरबी सुटायला लागते, तवा चकाकतो आणि बारीक चुरचुर ऐकू येते. गुलाबी कडा आधी फिकट होतात, मग तपकिरी. तुकडा सांडशीच्या टोकानं हलवून बघा: तव्याला धरून असेल तर थांबा, आपणहून सुटला तर उलटा. अशा सगळ्या बाजू फिरवायच्या. बाहेर पातळ, चिवट साल आली पाहिजे आणि आतला भाग मऊच राहिला पाहिजे. भजी तळल्यासारखं कुरकुरीत करायचं नाही. जास्त तळलं की आतलं पाणी जाऊन तुकडा हलका होतो आणि तळाला न बसता तरंगायला लागतो. पहिला घाणा उतरवला की एक तुकडा पेल्यातल्या पाण्यात टाकून बघा. सरळ बुडाला पाहिजे. मग सगळे तुकडे वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली तासभर सुकवा, झाकण असलेल्या डब्यात भरा आणि निघेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. नदीवर नेताना थर्माकोलच्या पेटीत बर्फाची बाटली ठेवून न्या. काठावर एका वेळी चार-पाचच तुकडे बाहेर काढायचे.

टिन दर वेळी परवडत नाही, आणि परवडलं तरी मी घरचंच पसंत करतो. त्याचा घट्टपणा आपल्या हातात असतो. चिकनच्या दुकानातून अर्धा किलो खिमा कातडीसकट करून घ्या. कातडी मुद्दाम मागा, चरबी तिच्यात असते. घरी मिक्सरमधून आणखी बारीक करा. त्यात ५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर, एक अंडं, चमचाभर मीठ आणि ठेचलेला लसूण घालून पाच मिनिटं जोर लावून मळा. मिश्रण हाताला चिकट लागलं पाहिजे, तोच त्याचा बांधणारा गुण. आतून तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या उभ्या डब्यात हे दाबून भरा, मध्ये हवा राहू देऊ नका. कुकरमध्ये शिट्टी काढून ठेवून चाळीसेक मिनिटं वाफवा. गार झाल्यावर वर वाटी आणि तिच्यावर जड काहीतरी ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये दाबून ठेवा. सकाळी ठोकळा सुरीनं स्वच्छ कापला गेला पाहिजे. कापताना चुरा होत असेल तर पुढच्या वेळी आणखी एक अंडं घाला, रबरासारखा झाला तर मैदा कमी करा. थोडा रबरीपणा मात्र गळासाठी चांगलाच. घाई असेल तर फ्रोझन चिकन सॉसेज आणा, दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या करा आणि तशाच तव्यावर परता. सॉसेजची वीण घट्ट असते, फेकताना सुटत नाही. वास मात्र लंचन मीटपेक्षा कमी सुटतो.

गळाला लावायचं कसं, इकडं येऊ. थेट गळ खुपसायचा असेल तर ६ नंबरचा रुंद वाकाचा गळ घ्या, २० मिलिमीटरच्या तुकड्याला ४ नंबर. गळाच्या नंबरात आकडा लहान तितका गळ मोठा, हे दुकानात सांगताना ध्यानात ठेवा. टोक तुकड्याच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं पूर्ण बाहेर काढा, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, हळू ओढत गळ अख्खा आरपार येऊ द्या. मग गळ अर्धा फिरवून टोक परत तुकड्यात थोडं घुसवा आणि वाकाच्या खोबणीत केरसुणीच्या काडीचा किंवा जाड गवताच्या देठाचा सेंटिमीटरभर तुकडा आडवा बसवा. फेकताना मांस गळाच्या बारीक तारेवर कापलं जाऊन सुटतं, तो ताण आता त्या आडव्या काडीवर येतो. तुमचं फेकतानाचं दुखणं एवढ्यानं निम्मं कमी होईल.

उरलेलं निम्मं जायला हेअर रिग बांधा. नाव परदेशी असलं तरी काम दोन मिनिटांचं. गळाला तंगूस बांधताना गाठीच्या पुढं चार-पाच सेंटिमीटरचं शेपूट राखा आणि त्याच्या टोकाला बारीक फास मारा. फास गळाच्या वाकाच्या खाली साधारण दोन सेंटिमीटर लोंबला पाहिजे. गोधडी शिवायच्या लांब सुईच्या टोकाशी कानशीनं छोटी खाच पाडून घ्या, की झाली आमिषाची सुई. ती तुकड्यातून आरपार घाला, खाचेत फास अडकवा, हळूच मागं ओढा. फास पलीकडून बाहेर आला की त्यात काडीचा तुकडा घालून अडवा. मांस शेपटावर राहतं आणि गळ पूर्ण उघडा राहतो. सायप्रिनस तुकडा तोंडात ओढतो तेव्हा मोकळा गळही आत जातो, आणि तो थुंकायला जातो तेव्हा टोक ओठात रुततं. मांसात दडवलेला गळ पुष्कळदा मासा थुंकतो तेव्हा मांसासकट तसाच बाहेर पडतो. तुम्हाला वरती नुसता एक टोला जाणवतो. हेअर रिगला वर तरंगणारं बूच लावू नका. सरकतं शिसं ३० ते ४० ग्रॅमचं, त्याच्या खाली मणी आणि गाठ, पुढं वीतभर तंगूस आणि गळ. मुख्य तंगूस ०.३५ मिलिमीटरचा पुरे होतो.

फेकताना काठी चाबकासारखी मारायची नाही. शिसं काठीच्या टोकापासून हातभर खाली सोडा, मागं झुलू द्या आणि त्याच झोक्यात पुढं सोडा. पाच-सात वावं गेलं तरी पुष्कळ. आपल्याकडं सगळ्यांना वाटतं मासा पलीकडच्या काठाला असतो. खरं तर सायप्रिनस संध्याकाळी आपल्याच काठाच्या उताराला, कमरेएवढ्या पाण्यात चरत असतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून शिसं फेकत असतो.

चिलापीचा त्रास मोठा आहे हे खरं. चिलापीचं तोंड लहान, ती कोपऱ्या-कोपऱ्यानं कुरतडते आणि काठी सारखी टकटक करते. सायप्रिनस टकटक करत नाही. त्याचं म्हणजे तंगूस आधी किंचित सैल पडतो किंवा टोक एकदा हलतं, क्षणभर काहीच नाही, आणि मग काठी सलग, जड ओढीनं वाकत जाते. त्या टकटकीला झटके मारत बसलात तर दिवसभर आमिषच बदलत बसाल. हात मागं ठेवा आणि सलग ओढीची वाट बघा. तव्यावर साल आणलेली मोठी कांडी चिलापीला पटकन फोडता येत नाही, हा पहिला उपाय. दुसरा उपाय वेळेचा: चिलापी डोळ्यांनी बघून खाते, उन्हात काठाला असते आणि अंधारू लागलं की मंदावते. ऊन उतरल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ म्हणून सोन्याचा. तिसरा उपाय, बाजूला दहा-पंधरा पावलांवर गव्हाच्या कोंड्याचे सुके मुटके मधूनमधून टाकत राहा. चिलापी तिकडं गोळा होते आणि तुमचा गळ मोकळा राहतो. आणि चिलापीच खायची असेल तर सगळं उलटं करा: १० किंवा १२ नंबरचा गळ, हरभऱ्याच्या दाण्याएवढा मऊ तुकडा, वर बूच.

मसाल्याबद्दल लोक वाट्टेल ते सांगतात. मासा पाण्यात विरघळलेली चव आणि वास ओळखतो. मीठ, मांसाचा रस, त्यातली अमिनो आम्लं पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाबरोबर खाली जातात. तेल विरघळत नाही, ते वर येऊन तवंग धरतं. म्हणून तुकडे मसाल्याच्या तेलात बुडवून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. टिनमधल्या जेलीत चमचाभर ठेचलेला लसूण आणि चमचाभर आपला कांदा-लसूण मसाला घाला, थोडं कोमट पाणी घालून सारखं करा आणि सुकलेले तुकडे त्यात रात्रभर फ्रिजमध्ये मुरवा. इंग्लंडचे लोक लाल मिरचीची पूड आणि करी पावडर वापरतात, त्याला आपला घरचा मसाला कुठंच कमी पडत नाही. हिंग आवडत असेल तर नखाएवढा. जास्त झाला की मासे तोंडात घेऊन लगेच टाकतात, असा माझा अनुभव आहे. हळद मी घालतो ती उन्हाळ्यातल्या नितळ पाण्यात, पिवळा तुकडा काळ्या गाळावर उठून दिसावा म्हणून. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा रंग पक्का आहे; सदरा जपा. पाणी गढूळ असेल तेव्हा रंगाचा उपयोग शून्य, तेव्हा लसूण वाढवा. एका वेळी एकच वास धरून दोन-चार वेळा बघा. पाच वास एकत्र केले तर कशानं काम झालं ते कधीच कळणार नाही.

चाऱ्याला मांस थोडंच. अर्धा किलो शेंगदाण्याची पेंड आदल्या रात्री भिजवा, सकाळी गव्हाचा कोंडा मिसळून लाडू वळतील इतकी घट्ट करा आणि त्यात मूठभरच मांसाचा चुरा घाला. सुरुवातीला चार गोळे, मग अर्ध्या तासानं एकेक. मांसाचा चारा भरपूर टाकला तर मासा चाऱ्यावरच पोट भरतो, न खाल्लेलं तळाशी कुजतं आणि साचलेल्या पाण्यातला प्राणवायू खातं. उन्हाळ्यात बंधाऱ्यांच्या मागं पाणी आधीच दमलेलं असतं, त्यात आपली भर नको. भिलवडी भागात तर मांसाचा चारा पूर्ण टाळायचं त्याहून मोठं कारण आहे, मगर.

हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. कराडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत, विशेषतः भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेत. मांसाचा वास त्यांनाही येतो. तुम्ही काठावर बसून मांसाचे तुकडे पाण्यात टाकताय, तेलकट हात धुताय, लागलेला मासा पाण्यात जाळीत लोंबत ठेवलाय, हे सगळं मगरीला बोलावणं आहे. या पट्ट्यात मांसाचा चारा अजिबात टाकू नका, नुसती पेंड-कोंडा वापरा. पाण्यात पाय सोडून बसू नका, पाण्याच्या कडेपासून तीन-चार मीटर मागं आणि काठ उंच असेल तिथंच बसा. हात धुवायला घरून बाटली न्या. मासा जाळीत पाण्यात ठेवण्याऐवजी लगेच बर्फाच्या पेटीत घाला. गळ कपारीत अडकला तर पाण्यात उतरून सोडवायचा नाही, तंगूस तोडायचा. पाच रुपयांच्या गळासाठी कुणी पाण्यात उतरू नये. अंधार पडायच्या आत आवरा, आणि एकटे जाऊ नका. ज्या काठावर मगरी ऊन खात पडतात तो काठ गावकऱ्यांना माहीत असतो. गुरं पाण्यावर आणणाऱ्यांना विचारा आणि तिथं बसूच नका.

कासवंही मांसावर येतात. काठी जड वाकते पण मासा धावत नाही, नुसता एक ओझ्याचा खेच राहतो, तेव्हा समजा कासव आहे. त्याला कायद्यानं संरक्षण आहे. काठाशी आणून, दिसत असेल तर चिमट्यानं गळ काढा, खोल गेला असेल तर तंगूस तोंडाजवळ कापून सोडा. एकाच जागी दोन कासवं लागली तर जागा बदला, तिथं मांस लावणं थांबवा.

जागा निवडताना मऊ गाळ आणि हलकी धार जिथं शेजारी-शेजारी असतात ती शोधा. हरिपूरच्या संगमाला वारणेचं पाणी कृष्णेत मिसळतं, त्या रेषेच्या आतल्या, संथ बाजूला सायप्रिनस चरतो. म्हशी डुंबायच्या जागेच्या थोडं खाली गाळ उकरलेला असतो, तिथंही. पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस एका जागी येऊन हळूहळू पुढं सरकताना दिसला तर खाली मासा गाळ उकरतोय. फेसाच्या पुढं दोन हात गळ सोडा. ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांचे पंप सुरू झाले की पात्रातली पातळी उतरते आणि मासे काठ सोडून मध्यात जातात. पाणी उतरतंय हे काठावरच्या ओल्या पट्ट्यावरून कळतं. अशा दिवशी जागा बदला किंवा घरी जा. काठाला मेलेले मासे लागलेले असतील, पाण्याला मळीचा वास असेल, तर त्या दिवशी गळ टाकू नका आणि लागलेला मासा खाऊ तर अजिबात नका. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे पाऊस सरून पाणी निवळायला लागतं तेव्हापासून थंडी पडेपर्यंतचे, आणि पुन्हा शिमग्याच्या आसपासचे. भर थंडीत मासा सुस्त असतो, तेव्हा साल न आणलेला, मऊ, बारीक तुकडा लावा. त्या दिवसांत रस सुटणं जास्त गरजेचं असतं.

जून-जुलैत मात्र काठी टांगून ठेवा. चढणीचे मासे पोटात गाभोळी घेऊन वर येतात, तेव्हा त्यांना धरणं म्हणजे पुढच्या वर्षाचा मासा आज मारणं. इंग्लंडमध्येही नद्यांवर असले मासे धरायला १५ मार्च ते १५ जून बंदी असते, ती त्यांच्याकडच्या विणीचा काळ म्हणून. धरणं आणि तलाव बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तिथं संस्थेला विचारल्याशिवाय बसू नका. त्यांचं पोट त्यावर आहे. कोयना आणि चांदोलीच्या जंगलातलं पाणी २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, तिकडं जायचा विचारही नको. आणि औदुंबर असो, माहुली असो, घाटाच्या पायऱ्यांवर मांसाचा डबा उघडू नका. लोक तिथं स्नानाला, पूजेला येतात. घाटापासून लांब, खालच्या अंगाला जा.

उरलेल्या तुकड्यांचं विचारायचं तुमच्या मनात असेलच. उन्हात राहिलेले तुकडे परत फ्रिजमध्ये नेऊ नका, ते घरी येऊन खड्ड्यात पुरा. पेटीत गार राहिलेले मात्र पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. वितळल्यावर ते भुसभुशीत होतील, गळाला चालणार नाहीत, पण किसणीवर किसले तर पेंडीच्या चाऱ्यात उत्तम मिसळतात. पिशवीवर 'गळासाठी' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि ती घरच्या खाण्याच्या वस्तूंपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा. रिकामं टिन काठावर टाकू नका, त्याच्या पत्र्याची कडा गुरांच्या पायाला आणि पोरांच्या तळव्याला लागते. तुटलेला तंगूसही गुंडाळून घरी आणा, बगळ्यांच्या पायात अडकतो.